विजेची परतीची वाट



कौंडण्यपूर हें नांव उच्चारलें कीं वऱ्हाडांतील माणसाच्या डोळ्यांपुढें प्रथम रथ उभा राहतो. वर्धा नदीच्या कांठीं रुक्मिणी अंबिकेच्या देवळांतून बाहेर आली आणि श्रीकृष्णानें तिला रथांत घेऊन तेथून प्रयाण केलें, ही कथा आपल्याकडे लहान मुलालाही पाठ असते. त्या रथाला शैब्य, सुग्रीव, मेघपुष्प आणि बलाहक असे चार घोडे होते, व दारुक हा सारथी होता. मला कित्येकदां वाटतें कीं, त्या घोड्यांच्या ठिकाणीं आपल्यापैकीं एखाद्याच्या आजोबांची मोटार असती, आणि दारुकानें किल्ली फिरवितांच तिनें 'टक्' एवढाच आवाज करून मौन धरलें असतें, तर विदर्भाच्या कथेला निराळेंच वळण लागलें असतें. मागून रुक्मी सैन्य घेऊन येत आहे, आणि पुढें बलरामदादा मोटारीला धक्का मारीत आहेत!

विनोद सोडून दिला तरी प्रश्न उरतोच. अमरावतीहून कुऱ्ह्यावरून कौंडण्यपूर सुमारें ४० किलोमीटर. जुनी गाडी बाळगणाऱ्यास असा टप्पा फार सोयीचा. न फार लांब, न फार जवळ. सकाळीं निघावें, नदीवर जावें, देवदर्शन करावें आणि दिवेलागणीच्या आंत परतावें. पण परततांना किल्ली फिरविली आणि गाडी उठली नाहीं, तर बरोबरच्या वडील माणसांचे हाल होतात, आणि दुसऱ्या दिवशीं घरांत एक निर्णय होतो : "वायरिंग गेली. आतां ही काढून टाका." माझ्या पाहण्यांत जुन्या मोटारी इंजिनाच्या झिजेनें जितक्या बाद झाल्या, त्यापेक्षां अधिक या दोन शब्दांनीं बाद झाल्या आहेत. 'वायरिंग गेली' हा निदानाचा शेवट समजला जातो. वास्तविक तेथून निदानास आरंभ व्हावयास पाहिजे. बहुतेक वेळां वायरिंग गेलेली नसते. विजेची परतीची वाट तेवढी बुजलेली असते. आजच्या भाषणाचा विषय हाच आहे.

आपल्याकडे जुनी मोटार म्हणजे मुख्यतः दोन. एक फियाट. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून ती निघाली. प्रथम फियाट ११००, नंतर डिलाइट, प्रेसिडेंट आणि अखेर पद्मिनी. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतील शेवटची पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून निवृत्त झाली, परंतु खासगी घरांत त्या अजून आहेत. दुसरी अँबॅसडर, इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डची ही भारतीय मुलगी, कलकत्त्याजवळ उत्तरपाड्यास २०१४ पर्यंत तयार होत होती. शिवाय कोठें मॉरिस मायनर, कोठें विलीज जीप, आणि एखाद्या जुन्या वाड्यांत प्लिमथ किंवा शेवरोले. यांच्या पोटांत संगणक नाहीं. म्हणून आजच्या कारखान्यांतील तरुण कारागीर आपलें तपासणीचें यंत्र हातांत घेऊन क्षणभर उभा राहतो, तें कोठें लावावें हें त्याला दिसत नाहीं, आणि तो बॅटरी बदलावयास सांगतो. त्याला दोष देण्यांत अर्थ नाहीं. त्याच्या शिक्षणांत ही गाडी आलेलीच नसते.

आतां मुद्द्याकडे येतों. कौंडण्यपुराहून दरवर्षीं आषाढीला रुक्मिणीची पालखी पंढरपुरास जाते. वारीचा अर्थच मुळीं जाणें आणि येणें असा आहे. गेलेला वारकरी परत घरीं आला नाहीं, तर तिला वारी कोण म्हणेल? विजेचेंही तसेंच. बॅटरीच्या एका टोंकापासून निघालेला प्रवाह दिव्यांतून, भोंग्यांतून किंवा सेल्फमधून जाऊन बॅटरीच्या दुसऱ्या टोंकास परत पोंचला, तरच काम होतें. घरांतल्या दिव्याला येण्यास एक तार आणि जाण्यास दुसरी तार असते. मोटार बांधणाऱ्यांनीं तांब्याची काटकसर केली : जाण्यास तार दिली, आणि परतीसाठीं गाडीचें लोखंडी अंगच वापरलें. यालाच आपले मिस्त्री 'अर्थ' म्हणतात. गाडी नवी असतां ही युक्ति उत्तम चालते. पन्नास वर्षांनीं मात्र त्या अंगावर गंज चढलेला असतो, वर रंगाचे चार थर असतात, आणि इंजिन ज्या रबराच्या ठोकळ्यांवर बसलेलें असतें त्यांतून तर वीज मुळींच जात नाहीं. म्हणून इंजिन आणि गाडीचें अंग यांना जोडणारी तांब्याच्या तारांची एक विणलेली पट्टी असते. हातभर देखील लांब नसते. तेलानें माखलेली, खालच्या बाजूस लपलेली. तिच्याकडे कोणाचेंही लक्ष जात नाहीं.

ही पट्टी खराब झाल्यावर काय होतें, याचा हिशेब करून पाहूं. लहान मोटारीचा सेल्फ इंजिन फिरवितांना दीडशें अँपिअरपर्यंत प्रवाह ओढतो. परतीच्या वाटेंत गंजामुळें एका ओहमाचा केवळ पन्नासावा हिस्सा, म्हणजे ०.०२ ओहम, एवढा अडथळा उत्पन्न झाला असें धरा. दीडशें गुणिले ०.०२ म्हणजे ३ व्होल्ट. बारांपैकीं तीन व्होल्ट त्या गंजांतच खर्च झाले. सेल्फ सुस्तपणें अर्धा फेरा घेतो आणि थांबतो. मालक म्हणतो, बॅटरी उतरली. नवी बॅटरी येते. ती कांहीं दिवस जरा अधिक जोर लावते, आणि पुनः तोच प्रकार. मग दुसरी, मग तिसरी. मौज अशी कीं, हाच अडथळा दिव्याच्या वाटेंत असेल तर त्याचा पत्ताही लागत नाहीं, कारण दिवा चार अँपिअर घेतो आणि तेथें एका व्होल्टाचा दहावा भागही कमी होत नाहीं. म्हणून "दिवे तर लख्ख लागतात, मग अर्थ कशी खराब असेल ?" हा प्रश्न जो विचारतो, त्याला वरील गुणाकार करून दाखवावा.

ती पट्टी अजिबात तुटली, तर प्रकार अधिक गंभीर होतो. वीज परतीची चोरवाट शोधते. इंजिनापासून डॅशबोर्डापर्यंत गेलेली लोखंडी तार कोणती ? चोकची, किंवा ॲक्सिलरेटरची. दीडशें अँपिअरचा प्रवाह त्या बारीक तारेंतून जाऊं लागतो. सेल्फ मारल्यावर चोकची मूठ हाताला गरम लागली, तर निदान तेथेंच झालें. पुढें कांहीं तपासण्याची गरज नाहीं. परंतु पुनः पुनः सेल्फ मारीत राहिल्यास तीच तार लाल होते, आणि तिच्या शेजारीं कार्ब्युरेटर असतो. जुन्या गाड्या जळतात त्या अशा.

तपासण्याची रीत अगदीं सोपी आहे, आणि तिला लागणारें मीटर बाजारांत स्वस्त मिळतें. प्रथम बॅटरीच्या दोन शिशाच्या टर्मिनलांवर मीटर लावावें. गाडी रात्रभर उभी असतां, भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखविते; १२ च्या खालीं असेल तर ती रिकामी समजावी व आधीं भरून घ्यावी. नंतर कोणास तरी सेल्फ मारावयास सांगावें. या वेळीं आंकडा १० च्या जवळपास टिकला तर बॅटरी निर्दोष. आतां खरी परीक्षा. मीटरचें एक टोंक बॅटरीच्या अर्थकडील शिशाच्या टर्मिनलवर, त्यावरील क्लँपवर नव्हे, आणि दुसरें टोंक इंजिनाच्या उघड्या लोखंडावर धरावें, व पुनः सेल्फ मारावा. वाट स्वच्छ असेल तर मीटर जवळजवळ शून्य दाखवील. पांव किंवा फार तर अर्ध्या व्होल्टपर्यंत क्षम्य आहे. दोन-तीन व्होल्ट दिसले तर चोर सांपडला. मग एक एक सांधा मागें घेत जावें : टर्मिनल ते क्लँप, क्लँप ते केबल, केबल ते गाडीचें अंग, अंग ते इंजिन. ज्या सांध्यावर आंकडा एकदम चढतो, तेथें नट खोलून, लोखंड चकचकीत होईपर्यंत ब्रशानें घासून, पुनः घट्ट आवळावा आणि वर थोडें व्हॅसलीन लावावें. टर्मिनलवरची पांढरट-हिरवट भुकटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें निघते. एवढ्यानें पुष्कळ 'गेलेल्या' वायरिंगा परत येतात. त्याच रीतीनें दुसऱ्या बाजूची, म्हणजे बॅटरीपासून सेल्फपर्यंतची, वाटही मोजावी.

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. सर्व जुन्या गाड्यांत ऋण टोंकच अंगाला जोडलेलें असतें, असें नाहीं. मॉरिस मायनरसारख्या साठ सालाच्या आसपासच्या विलायती गाड्यांत धन टोंक अंगाला असे. १९५५ पर्यंतच्या फोर्ड आणि प्लिमथ गाड्यांत बॅटरी ६ व्होल्टची, आणि तेथेंही धन टोंक अंगाला. विलीज जीप ६ व्होल्टचीच, पण ऋण अंगाला. फियाट ११०० मात्र १२ व्होल्ट, ऋण अंगाला. एकाच शेडमध्यें या गाड्या उभ्या असतील, तर एकीची बॅटरी दुसरींत घालण्यापूर्वीं दहादां पहावें. आणि ६ व्होल्टच्या गाडीला जाड केबलच हवी. व्होल्ट निम्मे झाले कीं तेंच काम करण्यास प्रवाह दुप्पट लागतो. १२ व्होल्टच्या मापाची बारीक केबल घालून 'सहा व्होल्टच्या गाड्या मुळांतच सुस्त' असा शेरा मारणें अन्यायाचें आहे.

आतां आपल्या उन्हाळ्याचा दोष. वैशाखांत अकोला-अमरावतीकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो हें आपणांस सांगावयास नको. अशा दिवशीं गाडी सकाळीं सुरेख सुरू होते, वीस-पंचवीस किलोमीटर जाते, आणि भर रस्त्यांत आचके देऊन बंद पडते. अर्धा तास निंबाच्या सावलींत उभी केली कीं, जणूं कांहीं झालेंच नाहीं अशी चालूं लागते. हा दोष ओळखण्यांत भले भले फसतात, कारण त्याचीं दोन अगदीं भिन्न कारणें आहेत आणि दोन्ही उष्णतेचींच आहेत.

एक कारण विजेचें. १९१२ सालीं कॅडिलॅक गाडीवर विजेचा सेल्फ बसला, तो चार्ल्स केटरिंग यांच्या डेटन शहरांतील प्रयोगशाळेचा. ठिणगीची जी पद्धत या गाड्यांत आहे, तीही त्यांचीच. त्या संस्थेच्या नांवाचीं आद्याक्षरें जुळून 'डेल्को' शब्द झाला, आणि आपले मिस्त्री ठिणगी वांटणाऱ्या त्या डिस्ट्रिब्यूटरला आजही डेल्कोच म्हणतात. त्यांतील पॉइंट उघडतांच कॉइलमध्यें हजारों व्होल्टचा दाब उत्पन्न होऊन प्लगमध्यें ठिणगी पडते. चार सिलिंडरचें इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर हें सेकंदाला १०० वेळां घडतें. पॉइंटांच्या फटीचें अंतर जेमतेम ०.४ मिलिमीटर. त्या फटींत वीज उडूं नये म्हणून करंगळीएवढा एक कंडेन्सर बसविलेला असतो. तो जुना झाला कीं थंड असतां नीट वागतो आणि तापला कीं दगा देतो. कॉइलचेंही असेंच होतें.

दुसरें कारण पेट्रोलचें. पंपापर्यंत येतां येतां उन्हानें आणि इंजिनाच्या उष्णतेनें पेट्रोलची वाफ होते, आणि पंप ती वाफ ओढूं शकत नाहीं. पूर्वींचे ड्रायव्हर पंपावर ओलें फडकें ठेवीत, तें उगीच नव्हे.

या दोहोंतील निवाडा रस्त्यावरच, आणि गाडी गरम असतांनाच, करावा लागतो. थंड झाल्यावर दोन्ही आरोपी निर्दोष दिसतात. डेल्कोच्या मधली जाड तार काढावी, रबरी मुठीच्या पकडीनें धरून तिचें टोंक इंजिनाच्या लोखंडापासून पांच-सहा मिलिमीटरवर ठेवावें, आणि सेल्फ मारावा. जवळपास पेट्रोल सांडलेलें असेल तर हा प्रयोग मुळींच करूं नये. निळसर, कडकडीत ठिणगी पडली तर विजेचा दोष नाहीं. फडकें ओलें करा. ठिणगी पिवळी, दुबळी असेल किंवा नसेलच, आणि पॉइंटांचीं तोंडें काळीं पडून जळलेलीं असतील, तर कंडेन्सर बदला. म्हणून ज्याला वैशाखांत कौंडण्यपुरास जावयाचें आहे, त्यानें कंडेन्सर, पॉइंटांचा जोड आणि रोटर हीं तीन वस्तूंची पुडी हातमोज्याच्या खणांत टाकावी. तीन मिळून मुठींत मावतात.

दिव्यांचीं भुतें हा एक करमणुकीचा विषय आहे. ब्रेक दाबला कीं उजवीकडचा इशारा मिणमिणतो. इशारा दिला कीं मागचा लाल दिवा डोळा मारतो. एक पुढचा दिवा पिवळट तर दुसरा शुभ्र. लोक याला 'वायरी एकमेकींत गेल्या' म्हणतात. बहुधा तसें नसतें. त्या दिव्याच्या खोक्याची अर्थ तुटलेली असते, आणि बिचारी वीज परतीसाठीं शेजारच्या दिव्याच्या तारेंतून उलटी जाते. दिव्याच्या खोक्यापासून बॅटरीच्या अर्थ टर्मिनलपर्यंत एक तात्पुरती तार धरून पहावी. भूत तत्क्षणीं पळालें तर मांत्रिकाची जरूरी नाहीं, सँडपेपरची आहे.

आतां फ्यूज. या ठिकाणीं मी थोडा कडक बोलणार आहें. मॉरिस घराण्याच्या जुन्या गाड्यांत अवघे दोन फ्यूज असत. इतक्या थोड्या पहारेकऱ्यांवर सारें घर सोंपविलेलें. आणि तो फ्यूज उडाला कीं आपल्याकडे त्याला सिगारेटच्या पाकिटांतील चांदी गुंडाळतात किंवा सरळ खिळा बसवितात. फ्यूज उडाला म्हणजे त्यानें आपलें कर्तव्य केलें. त्याच्या जागीं खिळा घातल्यावर पुढच्या वेळीं उडण्याचें काम तारांना करावें लागतें, आणि त्या डॅशबोर्डामागें, कापडी वेष्टणाच्या आंत, एकमेकींना बिलगून असतात. त्यांतून शेड जर सरकीच्या कोठाराशेजारीं असेल, तर उंदरांनीं तें वेष्टण आधींच चाखून ठेवलेलें असतें. फ्यूज वारंवार उडत असेल तर त्याच्या जागीं दोन तारा काढून ब्रेकच्या दिव्याचा २१ वॅटचा बल्ब जोडावा. कोठें तार अंगाला टेकलेली असेल तर बल्ब पूर्ण प्रकाशानें पेटतो, परंतु कांहीं जळत नाहीं, कारण बल्ब प्रवाहाला दोन अँपिअरच्या आंत ठेवतो. मग तारांचा जुडगा हळूहळू हलवीत जावें. ज्या ठिकाणीं हात लागतांच बल्ब मंदावतो किंवा विझतो, तेथें वेष्टण उकलावें.

रात्रींत बॅटरी आपोआप उतरत असेल, तर अशाच बल्बानें तेंही कळतें. सर्व बंद करून बॅटरीची एक केबल काढावी आणि टर्मिनल व केबल यांच्यामध्यें बल्ब धरावा. मिणमिणला तर कोणी तरी अंधारांत वीज पीत आहे. एक एक फ्यूज काढीत जावें. बल्ब विझला कीं घर सांपडलें. सर्व फ्यूज काढूनही विझत नसेल, तर डायनामोच्या कटआउटवर संशय घ्यावा. त्याचे पॉइंट चिकटले तर इंजिन बंद असतांना बॅटरीच डायनामोला वीज पुरवूं लागते, आणि तो तापून जळतो. अशा वेळीं आधीं बॅटरी सोडवावी, विचार मागून करावा. डायनामोविषयीं आणखी एक गोष्ट : इंजिन मंद चालत असतां तो जवळजवळ कांहींच देत नाहीं. यात्रेच्या गर्दींत दिवे लावून तासभर रांगत राहिल्यास बॅटरी उतरणारच. तो दोष नव्हे, स्वभाव आहे. आणि इंजिन चालू असतां बॅटरीची केबल काढून 'चार्जिंग आहे कीं नाहीं' पाहण्याची जी खोड आहे, ती सोडावी. मीटरवर सुमारें १४ व्होल्ट दिसले कीं चार्जिंग आहे. बॅटरीजवळ भरतेवेळीं हायड्रोजन वायु असतो, आणि ठिणगीची त्याला मोठी आवड असते. म्हणूनच दुसऱ्या गाडीच्या बॅटरीची मदत घेतांना शेवटची जोडणी बॅटरीवर न करतां दूर, इंजिनाच्या लोखंडावर करावी.

तारांच्या रंगांविषयीं दोन शब्द सांगतों. बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीचें सामान विलायती गाड्यांत असे, आणि तिचे दिवे इतक्यांदां विझत कीं इंग्रज तिला चेष्टेनें 'अंधाराचा राजपुत्र' म्हणत. पण या राजपुत्रानें एक उपकार केला : रंग ठरवून दिले. तपकिरी तार म्हणजे बॅटरीची, सदैव जिवंत. पांढरी म्हणजे किल्ली फिरविल्यावर जिवंत. हिरवी म्हणजे किल्लीनंतर फ्यूजमधून आलेली. निळी पुढच्या मोठ्या दिव्यांची, लाल बाजूच्या व मागच्या दिव्यांची, आणि काळी अर्थ. अँबॅसडरवाल्यांनीं हें पाठ करावें. फियाटचें कोष्टक इटालियन, म्हणून वेगळें. अर्थात् पन्नास वर्षांत हातीं आली ती तार जोडणारे कारागीरही होऊन गेलेले असतात. तेव्हां रंग विचारावा, पण खात्री बल्बानेंच करावी.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनीं ५० वर्षांवरील गाड्यांस 'व्हिंटेज' म्हणून निराळी नोंदणी दिली आहे. चासी, बाहेरचें अंग आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसला पाहिजे, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठीं नाहीं. कागदोपत्रीं गाडी वांचविण्याची सोय झाली, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु तिच्या तारांचें ज्ञान अद्याप कांहीं थोड्या वृद्ध वायरमनांच्या हातांत आहे, आणि तें कोठेंच लिहिलेलें नाहीं. आपल्या गांवांत असा कोणी असेल, तर त्याला एका रविवारीं घरीं बोलवा. बॉनेट उघडून ठेवा. तो सांगेल तशी प्रत्येक तार, तिचा आजचा रंग, ती कोठून निघते, कोणत्या फ्यूजमधून जाते आणि कोठें अंगाला मिळते, हें घरांतील एखाद्या मुलाकडून जाड पुठ्ठ्यावर पेन्सिलीनें काढून घ्या. अर्थच्या प्रत्येक जागेवर तांबडी खूण करावयास सांगा. लहानशा गाडींत देखील त्या आठ-दहा तरी निघतील. चहाच्या वेळेपर्यंत पुठ्ठा पुरा होतो. मग तो हातमोज्याच्या खणांत, कंडेन्सरच्या पुडीशेजारीं ठेवावा.